साइटवर एक खोली द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. पुण्याच्या ताथवडे, पुनावळे, रावेत या पट्ट्यात गेली नऊ वर्षं साइटवर काम करते. साइटवर म्हणजे खरंच साइटवर, स्लॅबवर उभं राहून स्टील चेक करायचं, लेव्हल लावायची, ठेकेदाराशी वाद घालायचा, हे माझं काम. मागच्या वर्षी मला मुलगी झाली, २६ आठवड्यांची रजा घेतली आणि परत कामावर आले. त्या परत येण्याबद्दल लिहायचं आहे. पत्र लांब झालंय, हवं तर मधलं कापा पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या ही विनंती.

रजा मला नीट मिळाली, पगारासकट मिळाली, ते आधीच सांगते. २०१७ ला कायदा बदलला आणि १२ चे २६ आठवडे झाले त्याचा फायदा माझ्यासारख्या पर्मनंट पोस्टवरच्या बाईला होतो. अडचण रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. मी हजर झाले त्या दिवशी मला सांगितलं, मॅडम बाळ लहान आहे, उन्हातान्हात कशाला, तुम्ही हेड ऑफिसला बसा, बिलिंग बघा. सांगणाऱ्याने मायेनेच सांगितलं, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला कोणी विचारलंच नाही. ज्या विंगचं काम मी पायाच्या फुटिंगपासून सातव्या स्लॅबपर्यंत आणलं होतं ती एका ज्युनिअरकडे गेली होती. पोरगा चांगला आहे, त्याला उंची मोजायचं ऑटो लेव्हल लावायला मीच शिकवलंय, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण माझा साइट अलाउन्स गेला आणि अप्रेझलला ऐकायला मिळालं की वर्षातले सहा महिने तुम्ही नव्हतात ना.

आता १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच लिहिलेलं होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, की बाई रजेवर असताना तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलायच्या नाहीत. हे मी प्रिंट काढून एचआरच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, म्हणाले बघतो. तीन महिने बिलिंग केलं, मोजमाप वह्या तपासल्या, दर आठवड्याला एक मेल टाकला की मला साइट द्या. शेवटी दिली.

परत साइटवर गेले त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट सांगते कारण बाळंतपणानंतर बाई काम विसरते असं बोलणारे लोक मी स्वतः ऐकलेत. दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा होता, आदल्या संध्याकाळी स्टील चेकिंगला गेले, सेंट्रिंग बरोबर होतं, सळ्या जागेवर धरणारे कव्हर ब्लॉक लागलेले, चेअर लागलेल्या, वरून बघितलं तर सगळं छान. मी बॅटरी घेऊन बीम आणि कॉलम जिथे मिळतात तिथे वाकून आत बघितलं तर कॉलमच्या सळ्यांभोवती बांधायच्या रिंगा त्या सांध्यात घातल्याच नव्हत्या, चार कॉलमला नव्हत्या, आणि एका ठिकाणी रिंगेचा हूक १३५ अंशात वळवायचा तो ९० लाच सोडलेला. भूकंपात पहिला फुटतो तो हाच सांधा आणि घाईत पहिलं राहतं तेही हेच, कारण बीमचं स्टील बसल्यावर तिथे हात जात नाही. फोरमन म्हणाला मॅडम रात्र झाली, तयार काँक्रीटच्या, आरएमसीच्या गाड्या सकाळी सहाला लागणार आहेत. मी म्हटलं गाड्या पुढे ढकला, मी सही करणार नाही. रात्री साडेनऊपर्यंत थांबून रिंगा घालून घेतल्या. त्या वेळी घरी माझी मुलगी रडत होती आणि सासूबाई तिला वाटी चमच्याने दूध पाजत होत्या, फोनवर तिचा आवाज येत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मला दोन्ही सांगायच्या आहेत.

तर आता दुधाचा विषय. वर्तमानपत्रात बाई याबद्दल लिहीत नाही पण लिहिल्याशिवाय कळणारही नाही. बाळ सात आठ नऊ महिन्यांचं असताना दर तीन चार तासांनी छाती भरून येते, दुखायला लागते, काढलं नाही तर गाठी होतात, ताप भरतो. कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा दूध पाजायला सुट्टी आहे. माझं बाळ साइटपासून चौदा किलोमीटरवर. मी सुट्टी घेऊन जाणार कुठे? मग पंप. पंप वापरायला एक बंद जागा, एक खुर्ची, हात धुवायला पाणी आणि आतून लागणारी कडी लागते, यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि कोट्यवधीच्या त्या प्रोजेक्टवर आतून कडी लागणारं एक दार नव्हतं. लेबरच्या टॉयलेटला पत्र्याचं दार तारेने बांधलेलं, स्टाफचं टॉयलेट सेल्स ऑफिसच्या मागे आणि तिकडे शनिवार रविवार फ्लॅट बघायला येणाऱ्यांची रांग.

शेवटी स्टोअरमध्ये सोय झाली. सिमेंटच्या थप्पीमागे, काँक्रीटमध्ये मिसळायच्या अ‍ॅडमिक्श्चरच्या निळ्या पिंपांच्या बाजूला. आमचे स्टोअरवाले काका पन्नाशी ओलांडलेले, सोलापूरकडचे, त्यांना मी कसंबसं सांगितलं की काका मला रोज पंधरा मिनिटं आतली बाजू लागेल. त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर दोन पाइप उभे करून निळी ताडपत्री आडवी बांधलेली, आत प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर धुतलेला टॉवेल आणि मी आत असेपर्यंत काका बाहेर स्टूल टाकून रजिस्टर घेऊन बसायचे, कोणी खिळे मागायला आलं तरी सांगायचे थांब जरा. सिमेंटची पावडर सगळीकडे असते तिथे, बाटलीचं झाकण लावेपर्यंत मी हाताने झाकून धरायची. पाच महिने असं चाललं. काकांचे उपकार मी विसरणार नाही, पण बाईला कामावर टिकायला काका चांगले निघावे लागतात ही व्यवस्था नव्हे.

बुटांचं पण सांगते. बाळंतपणानंतर पाय वाढतो हे मला माहीत नव्हतं, जुने सेफ्टी शूज लागेनात. स्टोअरमध्ये पुरुषांचे सात ते दहा नंबर, बायकांच्या मापाचा एकही जोड नाही, ऑर्डर टाकली ती यायला सहा आठवडे. तोपर्यंत सात नंबरमध्ये दोन मोजे घालून शिडी चढत होते. हेल्मेट, हार्नेस, जॅकेट सगळं पुरुषाच्या मापावर घेतलेलं असतं. हे सोपं काम आहे, खरेदी विभागाने मनावर घेतलं तर एका दिवसात होईल.

पण माझं हे सगळं एका बाजूला ठेवा. माझ्याकडे पगार आहे, सासूबाई आहेत, नवरा शनिवारी सुट्टी घेतो. खरं पत्र मी लिहायला घेतलं ते आमच्याच साइटवरच्या एका बाईमुळे. परभणीकडची आहे, नाव लिहीत नाही, मी तिला ताई म्हणते आणि ती मला म्याडम म्हणते, वयाने माझ्यापेक्षा चार पाच वर्षं लहानच असेल. बिगारी काम करते, वाळू चाळणे, विटा देणे, मिस्त्रीच्या हाताखाली. माझ्या मागेपुढेच तिलाही दुसरं मूल झालं. मी २६ आठवड्यांनी आले, ती बाविसाव्या दिवशी आली. बाविसाव्या. पोटाला ओढणी घट्ट बांधून घमेलं उचलत होती. आम्ही काँक्रीट टाकलं की त्याचे ठोकळे, क्यूब, ७ दिवसांनी एकदा आणि २८ दिवसांनी एकदा फोडून बघतो, त्याची ताकद आली का ते बघितल्याशिवाय पुढचा भार टाकत नाही, हे साइटवरचं कोणीही सांगेल. त्याच साइटवर ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर बाविसाव्या दिवशी घमेलं दिलं आणि कोणाला काही वाटलं नाही. कायदा म्हणतो बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायचंच नाही. मी मुकादमाला विचारलं तर म्हणाला मी कुठे बोलावलं, तीच आली. आणि ते खरं होतं, तीच आली होती, कारण उचल घेतलेली होती आणि खाडा पडला की ती फिटत नाही.

बाळाची झोळी तिने बार बेंडिंगच्या शेडमध्ये बांधली होती, शेडच्या पाइपाला जुनी साडी. खाली सळईचे तुकडे, बाजूला कटिंग मशिन. मशिन चालू झालं की ठिणग्या उडतात आणि तो आवाज असा की मोठ्या माणसाच्या दातात जातो, ते लेकरू मात्र झोपलेलं असायचं. मोठी पोरगी चार वर्षांची, तिचं काम झोळीला झोका द्यायचा. ती पोरगी लिफ्टच्या डक्टकडे जाऊ नये म्हणून ताई कामावरून सारखी मान वळवून बघायची. मी हे रोज बघितलंय. सेफ्टी ऑफिसरने एकदा झोळी काढायला लावली, त्याचं चूक नव्हतं, तिथे लेकरू असूच नये. पण मग कुठे असावं? झोळी काढली आणि ताईने ती वाळूच्या ढिगापलीकडे नेऊन बांधली, तिकडे डंपर रिव्हर्स येतो. त्याच दिवशी मी जाऊन ती परत उचलून आणली.

पाळणाघर का नाही असं विचारलं की उत्तर तयार असतं, बायकाच कमी आहेत. १९९६ चा जो बांधकाम कामगारांचा कायदा होता त्यात पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्या असं होतं. आता साइटवर पन्नास बायका कागदावर कधी होतच नाहीत, कशा होतील? सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, स्टीलचा वेगळा, वीटकामाचा, प्लास्टरचा, प्लंबिंगचा, टाइल्सचा वेगळा, प्रत्येकाकडे वीस तीस माणसं, त्यात सहा सात बायका. शिवाय बऱ्याच ठिकाणी जोडी म्हणून घेतात, हजेरी नवऱ्याच्या नावाने लागते, पैसे त्याच्या हातात जातात, मग ती बाई वहीत नाहीच. उभ्या साइटवर तीनशे माणूस राबतं, त्यात मी मोजल्या तेव्हा एक्केचाळीस बायका आणि सहा वर्षांखालची सतरा पोरं होती, आणि रजिस्टरप्रमाणे कोणालाच काही देणं लागत नव्हतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात पाळणाघरासाठी फक्त बायका मोजायच्या नाहीत, पन्नासपेक्षा जास्त कामगार असले की बाप्ये बाया सगळे धरून मोजायचे. हे फार चांगलं झालं. पण नियम राज्य सरकारने करायचे आहेत, आणि पन्नास म्हणजे एका ठेकेदाराचे पन्नास की अख्ख्या साइटचे, इथे सगळं अडणार आहे. नियमात जर स्वच्छ लिहिलं नाही की गेटच्या आत जेवढे कामगार आहेत तेवढे एकत्र धरायचे, मग ते कुठल्याही ठेकेदाराचे असोत, तर पुन्हा तेच होईल, प्रत्येक ठेकेदार एकोणपन्नास दाखवेल.

आणि हे काही नवीन, न झेपणारं मागणं नाही. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या प्रोजेक्टला पर्यावरण मंजुरी लागते, त्या मंजुरीच्या पत्रात नेहमीच्या अटींमध्ये मजुरांसाठी राहायची सोय, संडास, पिण्याचं पाणी, दवाखाना आणि पाळणाघर हे शब्द असतात. माझ्या हाताखालून अशी पत्रं गेली आहेत. ती फाइलला लागतात आणि दर सहा महिन्यांच्या रिपोर्टमध्ये त्या ओळीसमोर पूर्तता केली असं लिहिलं जातं. एकाही अधिकाऱ्याने येऊन मला विचारलं नाही की पाळणाघर दाखवा. विचारलं असतं तर मी काय दाखवलं असतं?

दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी राजघाटच्या बांधकामावर मातीत पडलेली मजुरांची लेकरं बघितली आणि तिथेच तंबू टाकून पाळणाघर सुरू केलं, मोबाइल क्रेशेस म्हणतात ते. पुढे मुंबई पुण्यातही साइटवर असं काम उभं राहिलं. बाणेरला एका साइटवर मी असं पाळणाघर डोळ्यांनी बघितलंय, दोन खोल्या, खाली चटई, भिंतीवर प्रत्येक पोराच्या वजनाचा तक्ता, दुपारी खिचडी, आणि आया कामातून येऊन पाजून परत जात होत्या. त्या साइटचं काम काही थांबलं नव्हतं. उलट तिथला मुकादम मला म्हणाला की बायका सुट्ट्या कमी घेतात.

पैशाचं म्हणाल तर बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर कामगारांसाठी घेतला जातो. पन्नास कोटींच्या कामाला पन्नास लाख झाले. त्यातून राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाच्या योजना चालतात, नोंदणी असलेल्या बाईला नॉर्मल बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात, पहिल्या दोन मुलांसाठी. ताईला एक रुपया मिळाला नाही. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदाराने सही द्यायला टाळाटाळ केली कारण सही दिली की ती त्याची कामगार हे कबूल केल्यासारखं होतं. ९० दिवस तर तिने दोन साइटवर मिळून कधीच भरले होते. मी तिच्याबरोबर दोनदा गेले, एकदा फोटो चुकला, एकदा बँकेचं पासबुक नवऱ्याच्या नावाचं निघालं. आपल्या मराठवाड्यातून येणाऱ्या बाईच्या मागे हे सगळं कोण करणार, तिचा दिवस बुडतो.

दर ८ मार्चला तुमच्या पेपरात हेल्मेट घातलेल्या बायकांचे फोटो येतात, मला ते बघून आनंद होतो, माझाही एकदा आला होता. याच तारखेला, ८ मार्च २००० ला, सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिलाय तो लोकांना माहीत असायला हवा. दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर रस्त्याची कामं करणाऱ्या, खणणाऱ्या बायकांनी बाळंतपणाची रजा मागितली होती, पालिकेचं म्हणणं की ही रजा फक्त कायम असलेल्यांना. कोर्टाने सांगितलं की नाही, रोजंदारीवरच्या बाईचाही तो हक्क आहे. म्हणजे ताईचाही आहे. इतकी वर्षं झाली आणि तिला तो कोणी सांगितलेला नाही. मी सांगितला तेव्हा ती म्हणाली, म्याडम, रजा घेतली तर जागा ठेवतेत का? जो प्रश्न मी एचआरला मेलवर विचारत होते तोच प्रश्न.

आपल्याच मुंबईतून, व्हीजेटीआय कॉलेजातून १९५३ ला शकुंतला भगत शिकून बाहेर पडल्या, देशातल्या पहिल्या महिला सिव्हिल इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतात, त्यांनी हिमाचलच्या स्पितीपर्यंत पूल उभे केले. तेव्हापासून मुली सिव्हिलला जातायत. माझ्या वर्गात आम्ही चौदा मुली होतो. आज साइटवर मी एकटी आहे, बाकीच्या बऱ्याच जणी पहिल्या मुलानंतर शिकवायला गेल्या, डिझाइनला गेल्या, दोघी घरी आहेत. ज्यांना जायचं होतं त्यांनी जावं, पण त्यातल्या कितीजणी दार नसलेल्या खोलीमुळे गेल्या हे मला माहीत आहे, आम्ही फोनवर बोलतो.

महापालिकेकडे माझी मागणी एकच आहे. बांधकामाची परवानगी देताना, जोत्याचं काम तपासतानाच, साइटवर एक खोली आहे का हे बघा. संडास बघता, तशी ही खोली बघा. नसेल तर पुढची परवानगी थांबवा. एकदा थांबली की पुढच्या आठवड्यात खोली उभी राहते, बिल्डरलोकांना मी नऊ वर्षं ओळखते. आणि मोजताना अख्खी साइट मोजा.

खोलीचं ड्रॉइंग मी काढून पत्राला जोडलं आहे. वीस फूट बाय दहा फूट, पोर्टा केबिन चालेल, क्रेनच्या टप्प्याच्या आणि स्टील यार्डच्या लांब, गेटजवळ. चौदा फुटात पोरांसाठी चटई, पंखा, झोळी बांधायला वर पाइप, कारण लेकरं झोळीतच झोपतात. राहिलेल्या सहा फुटात पार्टिशन, बेसिन, एक खुर्ची, आणि दाराला आतून कडी. कुठल्याही बिल्डरने, महापालिकेने, ठेकेदाराने ते वापरावं, माझी परवानगी विचारायची गरज नाही.

आपली,
एक साइट इंजिनिअर
ताथवडे, पुणे